गोणी, गलबत आणि पेटी



ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांना वंदन करून मी आजच्या विषयाला आरंभ करतो. आयुष्यभर मराठी शिकविलेल्या माणसाने जहाजे आणि मालवाहतूक ह्यांवर बोलावे, ह्याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. समुद्र कोगनोळीहून दूर आहे. घाट उतरल्यावाचून तो दृष्टीस पडत नाही. परंतु भाषेच्या अभ्यासकाला शब्दांचा माग काढण्याची खोड असते, आणि ह्या विषयाकडे मला एका शब्दानेच आणले. तो शब्द म्हणजे 'कंटेनर'.

आपल्याकडे महामार्गावरून जाणाऱ्या लांबलचक गाडीलाच कंटेनर म्हणतात. 'कंटेनर उलटला', 'कंटेनर घाटात अडकला' असे आपण नित्य बोलतो आणि वर्तमानपत्रांत वाचतो. वस्तुतः कंटेनर म्हणजे ती गाडी नव्हे. गाडीवर ठेवलेली पोलादी पेटी म्हणजे कंटेनर. ती आज गाडीवर असते, उद्या आगगाडीच्या वाघिणीवर आणि परवा जहाजावर. वाहन बदलते, पेटी तीच राहते. आणि आतल्या मालाला वाटेत कोणाचा हात लागत नाही. गेल्या सत्तर वर्षांत जगाचा व्यापार पालटला तो ह्या एका गोष्टीमुळे. ह्या पेटीने कोणाचे ओझे हलके केले आणि त्याचे मोल कोणी दिले, एवढाच प्रश्न मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

आरंभ आपल्याच मुलखापासून करू. आदिलशाहीच्या काळी घाटमाथ्यावरील माल कोकणातल्या बंदरांत उतरत असे. राजापूर आणि वेंगुर्ले ही त्यांतील दोन महत्त्वाची नावे. राजापुरास १६४९ मध्ये इंग्रजांनी वखार घातली. वेंगुर्ल्यास १६३७ च्या सुमारास डच आले. त्यांच्या वखारीचे भग्न अवशेष आजही तेथे उभे आहेत. ज्या डच कंपनीची ही वखार, ती १६०२ मध्ये स्थापन झाली होती आणि तिच्या सहा शाखांपैकी एक शाखा रॉटरडॅम शहरात होती. हे रॉटरडॅम आपण लक्षात ठेवावे. पुढे त्याची पुन्हा गाठ पडणार आहे.

हा माल घाट उतरे तो बैलांच्या पाठीवरून. 'लमाण' हा शब्द 'लवण' ह्या शब्दावरून आला, असे भाषाशास्त्री सांगतात. समुद्राकाठचे मीठ वर आणावयाचे आणि वरचे धान्य खाली न्यावयाचे, हा लमाणांच्या तांड्यांचा व्यवसाय. एका बैलाच्या पाठीवर सुमारे सव्वाशे किलोंची गोणी लादली जाई. घाटाच्या पायथ्याशी गोणी उतरे, खाडीच्या काठी पडावात चढे, पडावातून गलबतावर जाई. पावसाळ्यात सर्व व्यवहार बंद. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्यानंतरच गलबते पुन्हा पाण्यात लोटली जात.

ह्या व्यवहाराने मराठीला किती शब्द दिले पाहा. 'बंदर' फारसीतून आले. 'हमाल' आणि 'जकात' हे मुळात अरबी. 'तांडेल', 'खलाशी', 'मचवा', 'पडाव', 'वखार' हे सारे आपल्या बोलण्यात मुरले. ह्यांतील प्रत्येक शब्दामागे एक उपजीविका होती, कारण माल जितक्या वेळा उतरे आणि चढे, तितक्या वेळा कोणाचा तरी खांदा त्याला लागे, आणि जितक्या सरहद्दी ओलांडी तितक्या ठिकाणी त्याची झडती होई.

एकोणिसाव्या शतकात पहिला मोठा फेरपालट झाला. १८१२ मध्ये वेंगुर्ले इंग्रजांकडे गेले आणि बेळगावच्या छावणीचे व व्यापाराचे ते बंदर बनले. पुढे रेल्वे आली. १८८८ मध्ये मुरगाव बंदर रुळांनी घाटावरील प्रदेशाशी जोडले गेले, १८९१ मध्ये कोल्हापुरास आगगाडी आली, आणि वेंगुर्ल्याच्या रस्त्यावरील गाड्या विरळ होत गेल्या. राजापूरच्या खाडीत तर गाळच इतका साचला की मोठी गलबते तेथवर येईनाशी झाली. घाटाखालच्या लहान बंदरांचा ऱ्हास कंटेनरने केला, असे म्हणणे म्हणूनच इतिहासाला धरून होणार नाही. तो त्याआधीच सुरू झाला होता. कंटेनरने त्यांच्या पुनरुज्जीवनाची वाट तेवढी बंद केली. ती कशी, हे समजून घेण्यासाठी युरोपातील दोन बंदरांकडे जाऊ.

हॉलंडमधील रॉटरडॅम आणि इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील फेलिक्स्टो ह्यांच्यामध्ये उत्तर समुद्राचा एक पट्टा आहे. जहाजाला तो ओलांडण्यास एक रात्र पुरते. परंतु माल सुट्या पोत्यांत, पिंपांत आणि खोक्यांत भरलेला असे, त्या काळी प्रवासाचा काळ समुद्रावर मोजून भागत नसे. एकेक नग आकड्याने ओढून, जाळ्यात घालून, यारीने उचलून जहाजाच्या पोटात रचावयाचा आणि पलीकडे पुन्हा तसाच उपसावयाचा. समुद्रावर एक रात्र आणि धक्क्यावर कित्येक दिवस, असा तो हिशेब होता. जहाज चालते तेव्हा कमावते आणि उभे राहते तेव्हा गमावते. ह्या न्यायाने सागरी वाहतुकीचा मोठा खर्च समुद्रात नसून धक्क्यावर होत असे.

ही गोष्ट नेमकी हेरली ती माल्कम मॅकलीन नावाच्या एका अमेरिकन ट्रकमालकाने. २६ एप्रिल १९५६ रोजी त्याचे 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघाले. सुटा माल जहाजावर चढविण्यास त्या काळी टनामागे सुमारे सहा डॉलर खर्च येई. ह्या जहाजाचा हिशेब टनामागे सोळा सेंटांच्या आसपास बसला. दहा वर्षांनी, १९६६ मध्ये, त्याच्याच कंपनीचे 'फेअरलँड' हे जहाज पेट्या घेऊन अटलांटिक ओलांडून रॉटरडॅमला लागले. पुढे आंतरराष्ट्रीय मानके ठरली. पेटीची रुंदी आठ फूट, लांबी वीस किंवा चाळीस फूट, आणि आठही कोपऱ्यांना एकाच मापाच्या खोबणी. चार अक्षरे आणि सात आकडे एवढी तिची ओळख. जगातील कोणत्याही बंदरात ती वाचता येते. पेटीचे खरे सामर्थ्य तिच्या पोलादात नाही. परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या देशांनी एक माप मान्य केले, ह्या संमतीत ते आहे.

आणि मग पारडे फिरले. लंडनच्या धक्क्यांवर पिढ्यान्‌पिढ्या हमाली करणाऱ्या वस्त्या होत्या. १९६७ पासून १९८१ पर्यंत ते जुने धक्के एकामागून एक बंद पडले. ज्या फेलिक्स्टोचे नाव पूर्वी फारसे कोणी घेत नसे, तेथे १९६७ मध्ये कंटेनरचा धक्का उभा राहिला आणि ते ब्रिटनचे सर्वांत मोठे कंटेनर बंदर झाले. पेटीला शेकडो खांदे नकोत. तिला खोल पाणी, मोकळी जमीन आणि मोठी यारी हवी. राजापूर-वेंगुर्ल्याची वाट बंद झाली ती इथे.

आता मुंबईकडे पाहू. १८८० चा प्रिन्सेस डॉक, १८८८ चा व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ चा अलेक्झांड्रा डॉक (तोच पुढे इंदिरा डॉक झाला) ह्या तिन्ही गोद्या सुट्या मालाच्या युगातील. गोदी कामगारांना रोज सकाळी 'आज काम आहे की नाही' ह्या चिंतेतून सोडविण्यासाठी १९४८ मध्ये कायदा झाला. बाजारपेठांतील हमालांसाठी अण्णासाहेब पाटील झगडले आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राचा माथाडी कायदा आला. 'माथाडी' हा शब्द मला मोठा बोलका वाटतो. ज्याच्या माथ्यावर ओझे, तो माथाडी. ह्या माथाड्यांत सातारा आणि त्या बाजूच्या घाटमाथ्यावरील माणसे मोठ्या संख्येने होती. बैलांच्या पाठीवरून गोणी गेली, परंतु घाटावरच्या माणसाच्या डोक्यावरून ती गेली नव्हती.

भारतात पहिला कंटेनर १९७३ मध्ये कोचीन बंदरात उतरला. मुंबईच्या जुन्या गोद्या ह्या नव्या रीतीला अपुऱ्या पडत होत्या, म्हणून खाडीपलीकडे न्हावा-शेवा येथे बंदर उभारण्याचे ठरले. त्यासाठी जमिनी हव्या होत्या, आणि जमिनी आगरी-कोळी शेतकऱ्यांच्या होत्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर आले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ह्या दोन दिवसांत पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला देण्याचे तत्त्व ह्याच लढ्यातून रूढ झाले. २६ मे १९८९ रोजी बंदर सुरू झाले. २०२३-२४ ह्या वर्षात वीस फुटी मापाने मोजता चौसष्ट लाखांहून अधिक कंटेनर तेथून हाताळले गेले. हा आकडा अभिमानाने सांगावा असाच आहे. मात्र तो सांगताना त्या पाच जणांचे स्मरणही ठेवावे. पालघर जिल्ह्यात वाढवण येथे नव्या बंदराचा पायाभरणी समारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाला. तेथील मच्छीमार आपल्या समुद्राविषयी जे प्रश्न विचारीत आले आहेत, ते ऐकताना न्हावा-शेव्याचा इतिहास मला आठवतो.

आता पुन्हा आपल्या दारी येऊ. निपाणीची विडीची तंबाखू प्रामुख्याने देशातच खपते. परंतु कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल ह्या औद्योगिक वसाहतींतून तसेच बेळगावातून निघणारे ओतकामाचे सुटे भाग परदेशी जातात. बेळगावची पेटी न्हावा-शेव्यास निघाली की ती कोगनोळीच्या नाक्यावरून जाते. त्या एका वीस फुटी पेटीत वीस टन माल धरला, तर पूर्वी तेवढ्यासाठी एकशे साठ बैलांचा तांडा लागला असता.

ह्या नाक्याविषयी एक गोष्ट मला विशेष सांगावीशी वाटते. संस्थानी काळी दूधगंगेपलीकडे कागलची जहागीर आणि अलीकडे इंग्रजी अमलातील बेळगाव जिल्हा, अशी सरहद्द होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि निपाणी-बेळगावचा हा मराठी मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. म्हणजे ज्या वर्षी मॅकलीनची पेटी समुद्रावर प्रथम निघाली, त्याच वर्षी आपल्या दारातील सीमा नव्याने आखली गेली. महाजन आयोगाने १९६७ मध्ये निपाणी महाराष्ट्रात द्यावी अशी शिफारस केली. ती अमलात आली नाही. २००४ पासून हा वाद सर्वोच्च न्यायालयात आहे.

कारखान्यात मोहोर लावलेली निर्यातीची पेटी मात्र ही सीमा सहसा न उघडता ओलांडते. आत काय आहे ते कागदावर लिहिलेले असते आणि त्या लिहिण्यावर विश्वास ठेवला जातो. रॉटरडॅमच्या धक्क्यावरही तोच कागद आणि तीच मोहोर पुरते. सीमेवर जन्म काढलेल्या माणसाला ह्यात थोडा उपरोध दिसला, तर त्याला दोष देता येणार नाही. लोखंडाच्या सुट्या भागांना जी मोकळीक मिळाली, ती ह्याच नाक्यावर माणसांना प्रत्येक वेळी मिळालेली नाही. सभेला निघालेली माणसे येथे अडविली गेल्याचे आपण पाहिले आहे. वस्तूंसाठी जगाने एक माप मान्य केले. माणसांच्या भाषेसाठी आणि इच्छेसाठी तसे माप ठरविणे अवघड आहे हे खरे, परंतु परस्परविश्वासावाचून तेही ठरणार नाही, एवढा धडा ह्या पेटीपासून घेता येईल.

विद्यार्थिमित्रांनो, पेटी वाईट होती असे मी म्हणत नाही. ज्याने माथ्यावर ओझे वाहिले आहे, तो हमालीचे गुणगान कधी करणार नाही. ते काम यंत्राने केले हे चांगलेच झाले. प्रश्न आहे तो हिशेबाचा. टनामागे सहा डॉलरांचे सोळा सेंट झाले, ती बचत जहाजमालकाला, व्यापाऱ्याला आणि काही अंशी आपणा सर्व गिऱ्हाइकांना मिळाली. तिचे मोल लंडनच्या धक्क्यावरील मजुराने, मुंबईच्या गोदी कामगाराने आणि न्हावा-शेव्याच्या शेतकऱ्याने दिले. इतिहास लिहिणाऱ्याने जमेची बाजू लिहावी, तशी नावेची बाजूही लिहावी.

आपल्यापैकी अनेक माजी विद्यार्थी आज कारखान्यांतून, वाहतुकीच्या धंद्यातून, काही परदेशांतूनही काम करीत आहेत. त्यांना माझी एक विनंती आहे. आपल्या घरातील वडीलधाऱ्या मंडळींपैकी कोणी गाडीवान, हमाल, माथाडी किंवा खलाशी म्हणून राबले असेल, तर त्यांच्याजवळ बसून त्यांच्या कामाचे शब्द टिपून ठेवावेत. कोणत्या गाठीला काय म्हणत, ओझे उचलताना कोणती आरोळी देत, मजुरी कशी मोजत, हे सारे लिहून शाळेच्या ग्रंथालयात ठेवावे. पेटीवरचा क्रमांक जगात कोठेही वाचता येतो. ओझे वाहणाऱ्यांची नोंद आपण केली नाही, तर ती कोठेच सापडणार नाही.