खाजणाचा बांध

गोमंतकात मांडवी आणि जुवारी यांच्या मुखांपासून आत कित्येक कोस भरतीचे खारे पाणी चढते, आणि त्याच नद्यांतून आषाढात सह्याद्रीवरचा लोंढा खाली उतरतो. ही दोन पाणी जेथे एकमेकांस भिडतात, नेमक्या त्याच चिखलातून, पोर्तुगीज अंमलाच्या कितीतरी आधी, येथील कष्टकऱ्यांनी खाजणे, म्हणजे बांध घालून मिळवलेली शेते, निर्माण केली. त्यांचा विस्तार सुमारे १८,००० हेक्टर मानला जातो, आणि त्यांतील पुष्कळ जमीन भरतीच्या पातळीहून खाली आहे.

या जमिनीचे रक्षण माती, पेंढा व जांभा दगड यांच्या बांधाने होई, आणि बांधाच्या बाहेरच्या अंगाला कांदळ राखीत, म्हणजे लाटांचा पहिला मार त्यांच्या मुळांनी सोसावा. बांधातील मानस, म्हणजे पाण्याचे दार, मात्र जवळ उभे राहून पाहावी. चिऱ्यांच्या खांबांमध्ये वरच्या अंगाने अडकवून लोंबती सोडलेली ही लाकडी झडप भरती चढली की बाहेरच्या दाबाने आपोआप मिटते. ओहोटी लागली की आत तुंबलेले पावसाचे पाणी तिला रेटून नदीत निघून जाते. मधल्या काही तासांत ते पाणी पोयीत, म्हणजे बांधाआतल्या तळ्यात, आणि कोरगुट भाताच्या शेतात विसावते, म्हणून ते वस्तीत शिरत नाही. क्षार सोसणारे हे भात त्या पाण्यात टिकून राहते.

हे सारे चाले ते गावकरीच्या, म्हणजे गावाच्या सामायिक संस्थेच्या, बळावर. तिसवाडीत पोर्तुगीजांचा अंमल बसल्यावर सोळा वर्षांनी, १५२६ साली, पोर्तुगीज अधिकारी अफोंसो मेशियाने गावकरीचे जे रिवाज व हक्क लेखनिविष्ट केले, ते त्याने नव्याने घालून दिलेले नव्हते. ते आधीपासूनचे होते. शेतांची आणि मानशीवरील मासळीची बोली लागे, गावखर्च वजा जाता उरलेल्या उत्पन्नातून गावकारांना जोण, म्हणजे त्यांचा वाटा, मिळे, आणि बांधाची डागडुजी ही त्या खर्चातली न टळणारी बाब असे. ज्याचे ताट बांधावर अवलंबून होते, त्याचीच नजर बांधावर असे.

कांदळाविषयी त्या लोकांची भावना दुहेरी होती, आणि ती मला अत्यंत शहाणपणाची वाटते: बांधाबाहेरचे कांदळ हे कवच, परंतु तेच झाड बांधाच्या आत रुजलेले दिसले की खांड पडून शेत खारे झाल्याची ती खूण. आजच्या किनारा-नियमांना हा भेद सहजी कळत नाही.

१९६४ च्या कूळकायद्याने कसणाऱ्याला न्याय मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता; पण गावकरीची देखरेख सुटल्याने बांध मात्र पोरका झाला. १९७५ च्या नियमांनी बांधाची जबाबदारी कुळांच्या संघटनांवर संयुक्तपणे टाकली. तोवर मानशीवरील कोळंबीचे मोल भाताहून वाढत चालले होते, आणि मासळीच्या लोभाने खारे पाणी अवेळी आत घेतल्याच्या तक्रारी गावोगाव होऊ लागल्या. हळूहळू बांध हे सरकारचे काम आणि खाजण ही पडीक जागा, अशी समजूत रूढ झाली. पडीक जागेवर भराव घालताना पाणी पुढे कोठे जाईल, हे कोणी कोणास विचारीनासे झाले.

ज्या ग्रामसभेच्या हद्दीत खाजण आहे, तिने दरवर्षी मिरगापूर्वी, अमावास्येच्या उधाणाला, बांधावरून एकदा चालून यावे. हातभर खांड असतानाच ती दिसते, आणि तेव्हा ती चार माणसांना बुजविता येते.