‘सायकॉलॉजी’ शब्दाचा पहिला हक्कदार कोण?

‘सायकॉलॉजी’ हा शब्द प्राचीन ग्रीकांचा, असे सर्रास सांगितले जाते. त्याचे दोन्ही घटक ग्रीक आहेत, एवढेच त्यात खरे. ‘प्सुखे’ म्हणजे श्वास, प्राण आणि त्यावरून आत्मा. फुलपाखरालाही ग्रीक भाषा हेच नाव देते. ‘लोगोस’ म्हणजे वचन, विवेचन. मात्र अॅरिस्टॉटलने आपल्या ग्रंथाला ‘पेरी प्सुखेस’, म्हणजे ‘आत्म्याविषयी’, एवढेच नाव दिले. जोडशब्द घडवला तो युरोपातील लॅटिन पंडितांनी, सुमारे अठराशे वर्षांनंतर.

या शब्दावर पहिला दावा सांगितला जातो तो मार्को मारुलिच (१४५०–१५२४) याच्या वतीने. हा स्प्लिट नगरीचा क्रोएशियन विद्वान. नगरी व्हेनिसच्या अमलाखाली, विद्वत्तेची भाषा लॅटिन. तरीही त्याने ‘युदिता’ हे महाकाव्य आपल्या लोकभाषेत रचले व ते १५२१ मध्ये व्हेनिसमध्येच छापले गेले. परकीय अमलात स्वभाषेत लिहिणे म्हणजे काय, हे आम्हां सीमावासीयांना कोणी समजावून सांगायला नको. त्याचा मित्र व चरित्रकार बोझिचेविच याने केलेल्या ग्रंथयादीत मानवी आत्म्याविषयीच्या ‘प्सिखिओलोगिया’ या लॅटिन ग्रंथाची नोंद आहे. १९६४ मध्ये क्रुनो क्रस्टिच यांनी या नोंदीकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. अडचण एकच: ग्रंथ उपलब्ध नाही. मूळ दस्तऐवज हजर नसता केवळ यादीवरून हक्क शाबीत होतो काय? आमच्या मते यादी समकालीन व स्नेह्याने केलेली असल्याने दुय्यम पुरावा म्हणून ती ग्राह्य धरावी; मात्र ग्रंथातील मजकुराविषयी तिच्यावरून काहीच अनुमान काढता येत नाही.

छापील पुरावा पाहिजे असेल तर मारबुर्गला जावे लागते. तेथे १५९० मध्ये रुडॉल्फ गोक्लेनियस याने हाच शब्द ग्रीक लिपीत आपल्या संकलनाच्या शीर्षस्थानी घातला. आत वाद मात्र धर्मशास्त्राचा: अपत्याला आत्मा मातापित्यांकडून मिळतो, की ईश्वर तो नव्याने निर्माण करतो? पुढे क्रिस्टियान वोल्फ याने १७३२ व १७३४ मध्ये अनुभवाधिष्ठित आणि तर्काधिष्ठित असे दोन स्वतंत्र ग्रंथ लिहून शब्दाला शास्त्राची प्रतिष्ठा दिली. १८७९ मध्ये लाइप्झिग येथे वुंट यांची प्रयोगशाळा उभी राहिली, तोवर शास्त्राच्या नावात आत्मा होता. अभ्यासातून तो बहुतांशी निघून गेला होता.

मराठीने ‘मानसशास्त्र’ म्हटले, ‘आत्मशास्त्र’ म्हटले नाही, याचे मोल येथे कळते. न्यायदर्शनात मन हे अंतरिंद्रिय असून आत्मा त्याहून वेगळा. ग्रीक शब्दात हा भेद पुसट आहे. आपल्या परंपरेने तो आधीच केलेला होता. त्यामुळे नव्या शास्त्राचा विषय मूळ नावापेक्षा आपल्या नावातच अधिक नेमका उतरला आहे. २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८६० च्या भारतीय दंडसंहितेचे ८४ वे कलमही आरोपीच्या मनाच्या विकलतेचीच चौकशी करत असे; त्याच्या आत्म्याशी न्यायालयाला कर्तव्य नव्हते.

हिंदी व गुजरातीत ‘मनोविज्ञान’, कन्नडमध्ये ‘मनःशास्त्र’ हे शब्द रूढ आहेत. बेळगाव, इंदूर वा बडोद्याचा मराठी विद्यार्थी शाळेत यांपैकी कोणताही शब्द शिकला, तरी मूळ ‘मनस्’ त्याच्या ओळखीचेच असते. घरी ‘मानसशास्त्र’ म्हणण्यास त्याला संकोच वाटावा, असे कोणतेही कारण आम्हांस दिसत नाही.