अंगठ्यामागची संमती

चामोर्शीच्या बाजारात धानाचा सौदा होतो. एकाने भाव सांगावा, दुसऱ्याने मान डोलवावी आणि पोती गाडीत चढावीत. कागद नाही, शिक्का नाही. हा कायद्याने करार झाला का? बहुतेकजण म्हणतील, नाही. पण उत्तर ‘हो’ असे आहे. करार कागदाने होत नाही, संमतीने होतो. कागद हा त्याचा पुरावा.

हा विचार आपल्याकडे जुनाच आहे. नशेत असलेल्याने, वेड्याने, बालकाने किंवा भ्यालेल्याने केलेला व्यवहार सिद्ध होत नाही, असे याज्ञवल्क्य स्मृतीत सांगितले आहे. याच स्मृतीवर विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या काळात ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली.

पुढे इंग्रजांनी आपल्या न्यायालयांतील तत्त्वे एकत्र बांधून भारतीय करार कायदा केला. तो १ सप्टेंबर १८७२ रोजी लागू झाला. तेव्हा आपला चांदा जिल्हा मध्यप्रांतात होता. मालविक्री आणि भागीदारीचे नियमही आधी याच कायद्यात होते. ते १९३० आणि १९३२ साली वेगळे झाले. या कायद्याचे दहावे कलम व्यापारी कायद्याचा पाया आहे. पक्ष सज्ञान आणि करारास पात्र हवेत, संमती मुक्त हवी, मोबदला व हेतू कायदेशीर हवेत.

पण मुक्त संमती म्हणजे नेमके काय? पुणे-नगरच्या शेतकऱ्यांनी हा प्रश्न रस्त्यावर आणला. सावकाराच्या कर्जरोख्यावर अंगठा त्यांचाच होता, पण आत काय लिहिले आहे ते ठाऊक नव्हते. मे १८७५ मध्ये सुपे येथे उठाव झाला आणि गावोगावी कर्जरोखे जाळले गेले. सरकारला १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करावा लागला. त्याने न्यायाधीशाला कर्जरोख्यामागचा खरा हिशोब तपासण्याची मुभा दिली. १८९९ साली करार कायद्याचे सोळावे कलमही सुधारले. एक पक्ष दुसऱ्यावर वर्चस्व गाजवू शकत असेल आणि सौदा उघड अन्यायाचा दिसत असेल, तर दबाव नव्हता हे त्या बलवान पक्षानेच सिद्ध करायचे असते.

हे सारे आज आठवायचे कारण म्हणजे तेंदूपत्ता. १९६९च्या कायद्यानंतर त्याचा करार सरकार आणि ठेकेदार यांच्यात होई. पाने तोडणाऱ्याच्या हाती फक्त मजुरी पडे. १९९६चा पेसा कायदा, २००६चा वनहक्क कायदा आणि राज्याचे २०१४चे पेसा नियम यांनी चित्र पालटले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ग्रामसभेला २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक मिळाले आणि गाव स्वतः विक्रेता झाले. चामोर्शी तालुक्यातील पेसा गावांतही आता ग्रामसभा करार करू शकते.

हक्क आला, तशी जबाबदारीही आली. भाव किती, माल किती, आगाऊ रक्कम किती, बाकी कोणत्या तारखेला, थकली तर व्याज काय आणि भांडण कोणापुढे न्यायचे, हे कागदावर हवे. आणि तो कागद सभेत मोठ्याने, गोंडी किंवा मराठीत, समजेल असा वाचला जायला हवा. सुप्याच्या शेतकऱ्याला कोणी कागद वाचून दाखवला नव्हता. आपल्याला तो वाचून घेता येतो. सही त्यानंतर करावी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)