निगडी आणि गार्सिया द ओर्ता

कोकणात कुंपणाला लावलेली निगडी फांदी खोवली तरी रुजते. सुजलेल्या सांध्यावर तिचा शेकलेला पाला बांधण्याची आपल्या आज्यांची रीत होती. उघड्या जखमेवर मात्र तो बांधू नये, हे परिचारिका म्हणून सांगते.

हीच वनस्पती गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात वर्णिली. त्याचे आईवडील पोर्तुगालात सक्तीने ख्रिस्ती केलेले यहुदी. तो १५६८ साली वारला. पुढल्याच वर्षी इन्क्विझिशनने त्याच्या बहिणीला जाळले. १५८० साली त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. ग्रंथ मात्र उरला.

इथे इस्राएलात ओढ्यांकाठी निगडीची जवळची नातलग उगवते. हिब्रूत तिला ‘अब्राहामाचे झुडूप’ म्हणतात. ती अंगणी लावताना त्या वैद्याचेही स्मरण असावे.