खाणीच्या गावचे न्हाणीघर

स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहा, असे मंडळाच्या चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा किल्ले आणि राण्या आपल्या इतर भगिनींनी घेतल्याच होत्या. आपण कोळशाच्या मुलखातल्या बायका. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातली वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ साली बंद पडली. तिच्यात राबलेल्या माणसांविषयी आपल्यापैकी कितीजणींना चार वाक्ये सांगता येतील? मला तरी येत नाहीत. म्हणून ज्या गावाने आपली खाण बंद पडल्यावर तिची आठवण जपून ठेवली, अशा एका दूरच्या गावाची हकिकत सांगते. माझी भाची तिकडे शिकायला होती. तिने पाहिलेले व पुढे मी वाचलेले, असे हे दोन्ही मिळून आहे.

गावाचे नाव ब्लायनॅव्हन. विलायतेच्या पश्चिमेला वेल्स म्हणून डोंगराळ प्रांत आहे, त्यात ते येते. १७८९ साली तेथे लोखंडाच्या भट्ट्या पेटल्या आणि भट्ट्यांपाठोपाठ कोळशाच्या खाणी आल्या. तेथल्या चर्चमधले बाप्तिस्म्याचे पात्रसुद्धा ओतीव लोखंडाचे आहे, यावरून काय ते समजा! ‘बिग पिट’ ही तिथली मोठी खाण. १९२३ च्या सुमारास तेथे तेराशेहून अधिक माणसे कामाला होती. १९८० च्या फेब्रुवारीत ती बंद झाली तेव्हा अडीचशेच्या वर माणसांची नोकरी गेली. असे झाल्यावर गावाचे काय होते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. दुकाने बंद होतात आणि तरुण मुले बाहेर पडतात.

परंतु तीन वर्षांतच, १९८३ साली, तीच खाण लोकांना पाहण्यासाठी उघडली. पाहुण्यांना टोपी व टोपीवरचा दिवा देतात, ठिणगीच्या भयाने काडेपेटी व घड्याळ काढून घेतात आणि लोखंडी पिंजऱ्यातून नव्वद मीटर खाली नेतात. माहिती सांगायला जुने खाणकामगारच नेमले. खाली घोड्यांचे तबेले आहेत. एका जागी सर्वांना दिवे मालवायला सांगतात. असल्या अंधारात वाऱ्याची दारे उघडण्या-मिटण्यासाठी पूर्वी लहान मुले तासन्‌तास बसवीत. १८४२ च्या कायद्याने बायका, मुली व दहा वर्षांखालचे मुलगे यांना खाली उतरवण्याची बंदी झाली. भाची म्हणाली, “मावशी, तो अंधार अंगाला चिकटतो गं.”

मला मात्र सगळ्यात जवळचे वाटले ते खाणीच्या तोंडाशी असलेले न्हाणीघर. ते १९३९ साली बांधले. एका बाजूला घरच्या स्वच्छ कपड्यांची कपाटे, दुसऱ्या बाजूला खाणीतल्या मळक्या कपड्यांची आणि मध्ये गरम पाण्याचे फवारे. यात पाहण्यासारखे काय, असे कोणी विचारील. तर त्यापूर्वी काय होते ते ऐका. नवरा, दीर, दोन मुलगे वेगवेगळ्या पाळ्यांवरून काळेठिक्कर होऊन घरी यायचे. प्रत्येकासाठी चुलीवर पाणी तापवायचे, पत्र्याचे टब उचलायचे, ते शेगडीपुढे भरायचे, अंगे घासून काढायची, मग टब रिकामा करून जमीन पुसायची आणि ओले कपडे घरातच वाळवायचे. आपल्याकडे निदान बंब होता! त्या पाण्यात लहान मुले भाजत. ओझी उचलून बायकांचे दिवस भरण्याआधीच बाळंतपण होई.

ही गोष्ट सरकारच्या कानावर घातली एलिझाबेथ अँड्र्यूज या बाईंनी. त्या खाणकामगाराची लेक, अकरा भावंडांतल्या एक. १९१९ साली कोळसा खाणींच्या चौकशीसाठी सँकी कमिशन बसले होते. तेथे लंडनच्या लॉर्ड सभेच्या इमारतीत जाऊन त्यांनी व आणखी दोघी बायकांनी साक्ष दिली, आणि खाणीवरच न्हाणीघरे हवीत असे बजावून सांगितले. पुढच्याच वर्षी कोळशाच्या दर टनामागे एक पेनी काढून कामगार कल्याणाचा निधी उभा राहिला. तरीही ब्लायनॅव्हनला फवारे यायला वीस वर्षे गेलीच.

२००० साली युनेस्कोने हा सारा परिसर जागतिक वारशात घेतला. मग पाहुण्यांना गावची कथा सांगणारे एक केंद्र पाहिजे झाले. खाण गावाबाहेर असल्यामुळे लोक ती पाहून परस्पर निघून जाण्याचा संभव. त्यासाठी नवी चकचकीत इमारत न उठवता गावातलीच पडीक शाळा दुरुस्त केली व २००८ साली तेथे केंद्र उघडले. ही शाळा १८१६ मध्ये सारा हॉपकिन्स नावाच्या बाईने, कारखाना चालवणाऱ्या आपल्या दिवंगत भावाच्या स्मरणार्थ, कामगारांच्या मुलांसाठी बांधली होती. वरवंटा फिरवून नवे बांधणे कितीतरी सोपे होते. पण ज्या खोल्यांत गावच्या पिढ्या पाढे शिकल्या, तेथे पाऊल टाकल्यावर निम्मी गोष्ट भिंतीच सांगतात, हे आराखडा करणाऱ्यांनी ओळखले. मला हे फार पटले.

आपल्याकडे असे केंद्र झाले तर काय होईल, याची मला धास्ती वाटते. दाराशी एक रंगवलेले यंत्र, आत साहेबांच्या तसबिरी आणि टनांचे आकडे. ते असू द्यावे, पण पहिल्या खोलीत चूल, बंब, घंगाळ आणि काळ्या पाण्याची मोरी मांडावी, असे मी म्हणेन. शेजारी कोळशाची टोपली हवी, कारण आपल्या देशात बायकांनी खाली उतरून कोळसा वाहिला आहे. १९२९ पासून त्यांना टप्प्याटप्प्याने वर काढले, लढाईच्या दिवसांत १९४३ साली पुन्हा खाली घातले, १९४६ साली पुन्हा बंदी केली आणि २०१९ साली नियम बदलून काही कामांसाठी परत वाट मोकळी केली. गरज पडली की बोलवायचे आणि संपली की घरी बसवायचे, असाच प्रकार!

आमच्या आळीतल्या एका आजींची सासू अशी टोपली वाहत असे. आजींना तिच्या तोंडची गाणी, मजुरीचे दिवस, मुकादमाचे बोलणे सगळे आठवते. त्यांचे वय आता नव्वदीला टेकले आहे. ऐकू कमी येते, पण दुपारी तीननंतर त्या बोलायला तयार असतात. भगिनींपैकी ज्यांच्या मोबाइलवर आवाज नीट उतरतो, त्यांनी येत्या मंगळवारी माझ्याबरोबर यावे.