विजयालक्ष्मी, ताराबाई आणि चोवीस आठवडे

साहित्याच्या अभ्यासक्रमात ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्री-पुरुष तुलना’ (१८८२) या निबंधाला आता मानाचे पान मिळाले आहे. ‘पहिला स्त्रीवादी ग्रंथ’ ही मोहर त्यावर उमटवली की आपले काम संपले, असे आपण विद्यार्थी आणि शिक्षक बहुधा समजून चालतो. परंतु हा निबंध कशाला उत्तर म्हणून लिहिला गेला, हे सांगताना आपण एका वाक्यात आटोपते घेतो. ते वाक्य एका न्यायालयीन निकालाविषयी आहे. त्या निकालाकडे परत गेल्याखेरीज गर्भपाताच्या हक्काविषयीचा आजचा वादही नीट उलगडत नाही, असे आम्हांस वाटते.

१८८१ साली सुरत येथे विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला आपल्या नवजात मुलाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. लोकापवादाच्या आणि बहिष्काराच्या भीतीने तिने हे कृत्य केले होते. पुढे अपिलात ही शिक्षा जन्मठेपेच्या काळ्यापाण्यावर आली. पुण्याच्या ‘पुणे वैभव’ या सनातनी वळणाच्या पत्राने हे निमित्त साधून एकूण स्त्रीजातीच्याच चारित्र्यावर तोंडसुख घेतले. त्यावर ताराबाईंनी बुलढाण्याहून लेखणी उचलली.

स्थळाचा तपशील येथे महत्त्वाचा आहे. बुलढाणा त्या काळी मुंबई इलाख्यात नव्हते. वऱ्हाड नावाला निजामाचा आणि कारभाराने इंग्रजांचा मुलूख होता. सुरतेचा निकाल ताराबाईंच्या गावाला लागू नव्हता, आणि विजयालक्ष्मी त्यांच्या ना जातीची होती, ना भाषेची. तरीही तो निकाल आपल्यावरच दिला गेला आहे, असे समजून त्या लिहितात. मराठा समाजानेही प्रतिष्ठेपायी विधवाविवाहबंदीचे अनुकरण चालवले होते, हे त्यांना दिसत होते. वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक समाजाचे. त्यामुळे धर्माज्ञेला प्रश्न विचारण्याची सवय त्यांना घरातच लागली असावी. निबंधाच्या शीर्षकातच त्या विचारतात, की स्त्रिया व पुरुष यांत अधिक साहसी कोण? ‘साहस’ म्हणजे येथे धाडस नव्हे, तर अविचारी दुष्कृत्य. आरोपीच्या पिंजऱ्यात एकटी स्त्री उभी आहे; तिच्याशेजारची जागा रिकामी का, हा त्यांचा खरा सवाल आहे.

हा सवाल नुसता नैतिक नव्हता, तो कायद्याच्या रचनेलाच लागू होता. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने कलम ३१२ खाली गर्भपात हा गुन्हा ठरवला आणि स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही त्यात येते, असे स्पष्टीकरण जोडले. गर्भात हालचाल सुरू झाली असल्यास शिक्षा सात वर्षांपर्यंत. मूल जन्मून मेले आणि तो जन्म लपवला, तर कलम ३१८. मूल मारले, तर खुनाचे कलम. म्हणजे गर्भ राहिलेल्या विधवेने गर्भ पाडला तर गुन्हा, मूल मारले तर गुन्हा, आणि मूल वाढवले तर समाजातून उठाव. पुनर्विवाहाला १८५६ च्या कायद्याने मान्यता दिली होती खरी; पण कायद्याने उघडलेले दार घरच्यांनी आतून लावून घेतले होते. या सबंध साखळीत, निव्वळ बाप म्हणून, पुरुष कोठेच येत नाही.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते या साखळीची एक कडी तोडण्यासाठी. अशा एका विधवेचा मुलगा यशवंत पुढे त्यांनी दत्तक घेतला. ताराबाईंच्या निबंधाची पाठराखण करणाऱ्या मोजक्या समकालीनांत जोतीरावच होते, हा योगायोग नव्हे. त्यानंतर निबंध विस्मृतीत गेला. स. गं. मालशे यांनी १९७५ साली तो पुन्हा उजेडात आणला, तेव्हा गर्भपाताचा नवा कायदा होऊन चार वर्षे झाली होती.

१९७१ च्या त्या वैद्यकीय गर्भपात कायद्याचा मसुदा वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. त्याने स्त्रीला हक्क दिला नाही. त्याने डॉक्टरला गुन्ह्यातून सूट दिली. संततिनियमनाचे साधन फसल्यास होणारा मनस्ताप ग्राह्य धरला, पण तो ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ यांच्यापुरता. म्हणजे नव्वद वर्षांनंतरही विजयालक्ष्मी या सवलतीच्या बाहेरच उभी होती! २०२१ च्या दुरुस्तीने ‘पती’च्या जागी ‘जोडीदार’ आला आणि काही प्रवर्गांसाठी मुदत २० वरून २४ आठवडे झाली. त्या प्रवर्गांत गर्भारपणी वैधव्य आलेल्या स्त्रीचा उल्लेख आहे. विधवेचा शब्द नियमांत आला, तोही पतीपासून गर्भ राहिलेल्या विधवेपुरता. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विवाहित-अविवाहित हा भेदच घटनाबाह्य ठरवला, तेव्हा कोठे सुरतेच्या त्या विधवेला, नावाशिवाय, दाद मिळाली.

दरम्यान न्यायालयांचा सूर एक राहिला नाही. २००८ साली निकेता मेहता प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयाने मुदत उलटल्याचे कारण देऊन परवानगी नाकारली. त्याच न्यायालयाने २०१६ मध्ये स्त्री-कैद्यांविषयी स्वतःहून हाती घेतलेल्या प्रकरणात निर्णय स्त्रीचा असल्याचे म्हटले. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २६ आठवड्यांच्या गर्भारपणात एका विवाहितेला परवानगी नाकारली. या निकालांत पारडे कधी इकडे झुकते, कधी तिकडे. परंतु तराजू न्यायाधीशांच्याच हाती राहतो. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ मध्ये गर्भपाताचा जुना गुन्हा आणि स्वतःचा गर्भ पाडणाऱ्या स्त्रीविषयीचे ते स्पष्टीकरणही कायम आहे.

गर्भाच्या जिवाचा प्रश्न खोटा आहे, असे आम्हांस म्हणायचे नाही. मुदत जसजशी वाढते तसतसा तो जड होत जातो, आणि त्याला टाळून केलेला युक्तिवाद अपुराच राहील. परंतु उशीर का होतो, हे विचारल्यावाचून मुदतीचे बोलणे ही अर्धी गोष्ट झाली. ताराबाईंच्या जिल्ह्यातल्या, चिखली तालुक्यातील उंद्रीचा विचार करावा. तेथल्या एखाद्या मुलीला चोवीस आठवडे उलटल्यावर, गर्भात मोठे व्यंग नसल्यास, दाद मागायची ती नागपूर खंडपीठाकडे. म्हणजे सुमारे तीनशे किलोमीटरांवर. घरात सांगायला लागलेले आठवडे, पैसे जमवायला लागलेले दिवस, वकील शोधायला लागलेला वेळ, हे सारे तिच्याच पोटावर मोजले जाते. १८८१ मध्ये बुलढाणे त्या न्यायालयाच्या कक्षेबाहेर होते. आज ते कक्षेत आहे, पण अंतर उरलेच आहे.

‘तुलना’ वर्गात शिकवताना म्हणूनच सुरतेच्या निकालापासून आरंभ करावा, अशी आमची सूचना आहे. ताराबाईंनी दाखवलेली रिकामी जागा कायद्याच्या पुस्तकात अजून रिकामीच आहे.