रायतूरचा छापा आणि ख्रिस्तपुराण

गोमंतकात छापखाना आला १५५६ साली. पण साष्टीतील नवख्रिस्ती घरांपुढचा प्रश्न निराळाच होता. जुनी पुराणे हिरावली गेली. आता मुलांनी वाचावे काय, गावे काय? ही जागा बळजबरीने रिकामी केलेली होती, हे श्रोत्यांनी विसरू नये. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ती ओळखली आणि सुमारे ११,००० मराठी ओव्या रचल्या. इथल्या लिपीत पुस्तके छापावीत, अशी इच्छा त्याने १६०८ साली रोमला कळविली. ते साधले नाही. १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ रायतूरला छापले गेले ते रोमन अक्षरांत! १६४९ व १६५४ सालीही ते निघाले. गंमत अशी, की या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. ग्रंथ तरला तो नकललेल्या पोथ्यांवर. १६८४ च्या फर्मानाने देशभाषेवर घाला घातला; पोथ्या मात्र स्थलांतरितांबरोबर मंगळुराकडे गेल्या आणि तिकडे ओव्या गायिल्या जात राहिल्या. तेथेच १९०७ साली जोसेफ सालढाणांनी पोथ्या ताडून ग्रंथ पुन्हा छापला, तोही रोमन लिपीतच. देवनागरी आवृत्तीसाठी १९५६ साल उजाडावे लागले. शांताराम बंडेलूंनी ती पुण्यात काढली.